लेख तिथेच आहे, फक्त उघडत नाही

राजगडावरचा पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा मराठी लेख शोधून उघडा. मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो. पहाटे गुंजवण्यातून निघालो, चोरदरवाज्याच्या कड्यावर एकाची तंतरली, पद्मावती तलावाकाठी खिचडी शिजवली, सगळं जागच्या जागी. मग येतं, ‘आणि समोर हे असं दृश्य होतं’. खाली एक राखाडी चौकोन. तिथे सुवेळा माचीचं नेढं असेल, तोरण्याच्या बुधला माचीवरून दिसणारा राजगड असेल, किंवा लाल टी-शर्ट घातलेला कुणाचा तरी मित्र असेल. आता कळायला मार्ग नाही.

हे चौकोन कुणी मुद्दाम केले नाहीत. तेव्हाच्या मराठी साइट्सकडे फोटो ठेवायला जागा नसायची, म्हणून लोक फोटो पिकासावर, पॅनोरामिओवर किंवा फोटोबकेटवर चढवत आणि लेखात नुसता पत्ता देत. २०१६ मध्ये गुगलने पिकासाचे अल्बम आणि पॅनोरामिओ दोन्ही गुंडाळलं. २०१७ च्या जूनमध्ये फोटोबकेटने नियम बदलला, दुसऱ्या साइटवर फोटो दिसायला हवे असतील तर वर्षाला ३९९ डॉलर भरा. वेल्ह्यातून काढलेल्या धुक्याच्या फोटोसाठी कोण भरणार?

तरी मोठ्या कंपन्यांचं एक बरं असतं, त्या तारीख सांगून मरतात. जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४. गुगल प्लस २ एप्रिल २०१९. तारीख कळली की माणसं धावपळ करतात, आपापलं उतरवून घेतात. जिओसिटीजच्या वेळी तर आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी जमतील तेवढी पानं उचलून ठेवली. मला ज्याबद्दल लिहायचंय ते याहून वाईट आहे. साइट बंद होत नाही, धड चालतही नाही, आणि कुणी काही बोलत नाही.

त्या साइटचं नाव मी देत नाही. अशा दोन-चार जागा तुम्हालाही माहीत असतील, त्यामुळे नावाने फारसा फरक पडू नये. मी तिथे २०१७ पासून लिहीत होतो. पहिला लेख रायरेश्वराच्या पठारावरच्या सात रंगांच्या मातीवर होता आणि आज वाचवत नाही इतका भाबडा आहे. पण त्या लेखाला रात्री साडेअकराला एका संपादकांची मेल आली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या एकोणीस चुका दुरुस्त केलेल्या, आणि खाली एक ओळ, ‘मातीचा वास कसा होता ते लिहिलं नाहीत.’ पगार नाही, मानधन नाही, हा माणूस कुठल्यातरी नोकरीवरून घरी येऊन हे करत होता. त्या एका ओळीवर मी पुढची तीन वर्षं लिहिलं.

हळूहळू तिथे आमचा भोर-वेल्ह्याचा आठ-दहा जणांचा गोतावळा जमला. एक एसटीचे वाहक होते, ते वरंधा घाटातल्या पावसाळी फेऱ्यांवर लिहीत. भोरला शिवणक्लास चालवणाऱ्या एक ताई होत्या. आणि वेल्ह्याकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे गुरुजीच म्हणतो. गावात रेंज नाही म्हणून ते संध्याकाळी मागच्या टेपावर जाऊन, दगडावर बसून, फोनमध्ये एका बोटाने लेख टाइप करत. पाऊस आला की इरल्याखाली. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही, त्यांच्याकडे खरंच एक जुनं इरलं शिल्लक आहे.

साइट मोडकळीला आली ती एका दिवसात नाही. आधी ते संपादक गेले, कुणाला न कळवता, बहुधा थकून. मग मुखपृष्ठावरचा बॅनर थांबला. ‘दिवाळी अंक २०१९ साठी साहित्य पाठवा’ हे आवाहन तिथे अजून झळकतं आहे, आणि दरवर्षी कुणीतरी नवखा माणूस खरंच कथा पाठवतो. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या साइट्सच्या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं दाखवू लागलं होतं. त्यावर कुणीतरी फुकट मिळणारं प्रमाणपत्र बसवलं, पण ते नव्वद दिवसांनी नवं करावं लागतं. ते आपोआप होण्याची सोय असते, ती लावलेली नव्हती. म्हणजे कुणाच्या तरी आठवणीवर सगळा कारभार. आठवण राहिली नाही की साइटऐवजी तांबडा इशारा. घरातले म्हणायचे, हे काय तू भलतंच उघडून बसतोस.

भाटघर धरण १९२८ साली पुरं झालं तेव्हापासून वेळवंडीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातला बराच काळ पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. आमचे वाहक दादा म्हणत, आपली साइट कांबरेश्वरासारखी आहे, दिसली की दर्शन घेऊन टाकायचं. ग्रुपवर मेसेज यायचा, ‘वर आलंय.’ मग सगळे पटापट आपापले लेख टाकायचे.

आता ताईंचं. भोरच्या राजवाड्यात सिनेमांची शूटिंग होतात हे तुम्हाला माहीत असेल. ताईंनी त्या गर्दीवर फार मजेशीर लेख लिहिला. नटी बघायला आलेल्या बायका, त्यांच्यावर डाफरणारे स्पॉटबॉय, आणि या गर्दीतही पुढे पुढे करणारे एक स्थानिक पुढारी. तिसऱ्या परिच्छेदात पुढाऱ्यांच्या उल्लेखानंतर त्यांनी हसण्याचा एक इमोजी टाकला. लेख प्रसिद्ध झाला तो बरोबर त्या इमोजीपाशी संपला. पुढचे सहा परिच्छेद गायब. ताईंचा ठाम समज झाला की पुढाऱ्यांचा फोन गेला आणि लेख कापला. दोन वर्षं त्यांनी काही लिहिलं नाही.

कापणारा कुणी नव्हता. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ-८’ नावाने जे मिळायचं ते अर्धवट होतं. एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट. देवनागरी तीन बाइटमध्ये बसते, इमोजीला चार लागतात. जुन्या पद्धतीच्या मांडणीत असं चार बाइटचं चिन्ह आलं की डेटाबेस तिथपर्यंतचं ठेवतो, पुढचं टाकून देतो, आणि लेखकाला चकार शब्दाने कळवत नाही. यावरचा इलाज २०१० पासून आहे. कुणी एकाने रविवारी तासभर बसून, आधी बॅकअप घेऊन, चार ओळी चालवल्या असत्या तर भोरच्या पुढाऱ्यांवरचा एक आळ टळला असता. मी हे ताईंना समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे दादा, माझ्या लेखात हसायला जागा नव्हती.” तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर.

गुरुजींच्या लेखाचं झालं ते मात्र हसण्यावारी नेता येत नाही.

गुरुजी मावळातल्या भाताचे शब्द लिहीत होते. दाढ भाजणे म्हणजे काय, त्यावर शेण, कवळ, पाचोळा आणि माती कुठल्या क्रमाने अंथरायची, आग वाऱ्याच्या कुठल्या बाजूने लावायची, नाहीतर वरचं जळतं आणि बी खालच्या तणात गुदमरतं. रोपाची मूठ केवढी. खाचराचा बांध कुठे फोडायचा. इंद्रायणी आल्यावर आंबेमोहोराच्या वेळचे कुठले शब्द मागे पडले. त्यांच्या लिहिण्यात शास्त्रीपणा नव्हता. प्रत्येक शब्दाला एक माणूस चिकटलेला असे, तो कोण, त्याचं खाचर कुठे, त्याने बांधावरून कुणाशी भांडण केलं. एके दिवशी त्यांनी सगळं एकत्र करून मोठा लेख करायचं ठरवलं, दाढीपासून खळ्यापर्यंत. तीन आठवडे टेपावर बसून, थेट साइटच्या चौकटीत, थोडं थोडं वाढवत. वेगळी प्रत नाही. फोनवर एका बोटाने लिहिणाऱ्या माणसाकडे वेगळी प्रत कुठून असणार?

लेख ‘चिखलणी झाल्यावर बैलांना’ इथे थांबला. यात इमोजी नव्हता. ज्या खणात लेख साठवले जात त्याची मर्यादा ६५,५३५ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणजे त्या खणात दहा-अकरा हजार शब्दांचा इंग्रजी लेख आरामात मावतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना-मात्रा-वेलांट्या, जोडाक्षरातला हलन्त यांना प्रत्येकी वेगळे तीन. मराठी लेख तीन हजार शब्दांच्या आसपासच भिंतीला जाऊन धडकतो. त्यापुढचं सांडतं. साइट मराठीची, लिहिणारे मराठी, बांधणाराही मराठी, आणि खण मोजला होता इंग्रजीच्या मापाने. या गोष्टीचा मला अजून राग येतो. मोठ्या खणाचा पर्याय त्याच डेटाबेसमध्ये आहे, एका शब्दाचा फरक.

गुरुजींनी दुरुस्ती करायला जायचं ठरवलं तोवर त्यांच्या मुलाने त्यांना नवा फोन दिला. लॉगिनला ओटीपी लागे. आणि मार्च २०२१ पासून दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे कुठल्याही संस्थेला एसएमएस पाठवायचा असेल तर नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. नोंदणी नसलेले संदेश वाटेतच अडवले जातात. त्या महिन्यात मोठमोठ्या बँकांचे ओटीपी अडकले होते, त्यांनी धावपळ करून नोंदणी केली. आमच्या साइटतर्फे धावपळ करणारं कुणी नव्हतं. जे लॉगिन अवस्थेत होते ते राहिले, जे बाहेर पडले ते कायमचे बाहेर. गुरुजींचे ४१ लेख आणि सात अपुरे मसुदे आत, गुरुजी टेपावर.

तेव्हापासून आमच्या ग्रुपवर ‘कुणीही लॉग आऊट करू नका’ हा संदेश दर महिन्याला फिरतो, लग्नातल्या ‘चपला सांभाळा’सारखा. ताईंकडे काच फुटलेला, बॅटरी फुगलेला एक जुना फोन आहे. तो त्या दुरुस्त करत नाहीत, टाकूनही देत नाहीत, कारण त्यात त्या अजून ‘आत’ आहेत.

संपर्काच्या पत्त्यावर मेल केली तर पेटी भरल्याचं उत्तर येतं. नोंदणीच्या पत्त्यावर मी रजिस्टर्ड पत्र पाठवलं, ते ‘घेणार राहत नाही’ शेरा मारून परत आलं. शेवटी ओळखीतून ओळख काढत मालकांपर्यंत पोहोचलो. पुण्यात भेटले, चहा पाजला, आणि माझी तयारी भांडणाची असूनही भांडता आलं नाही. माणूस चांगला. सर्व्हरचे पैसे इतकी वर्षं स्वतःच्या खिशातून भरतोय. म्हणाले, “एवढ्या वर्षांत साइट बंद पडल्यावर शेकड्याने मेल आल्या. चालू असताना आभाराची किती आली असतील? चार.” मुलांच्या शाळा, आईचं आजारपण, नोकरी. मी मानलं. मग विचारलं, आमच्यापैकी दोघं-तिघं सांभाळतो, किल्ल्या द्या. ते बराच वेळ कप फिरवत राहिले. “बघतो,” म्हणाले. “एवढं उभं केलेलं असं कुणाच्या हातात...” वाक्य पुरं केलं नाही. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली.

मला वाटतं खरी गाठ इथे आहे. पैशाची नाही, वेळेचीही नाही. मराठीत हौसेने उभ्या राहिलेल्या जागा एकेका माणसाच्या जिवावर चालतात. त्या माणसाला पुढे ढकलवत नाही आणि सोडवतही नाही. मायबोली १९९६ पासून चालू आहे, पण तिच्याबरोबरीने आणि तिच्यानंतर आलेल्या किती जागा आज नुसत्या आठवणीत आहेत ते जुन्या वाचकांना विचारा. छापील मासिकंही अशीच एकेका माणसाच्या जिवावर चालायची, बंदही पडायची. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झालं. पण बंद पडलेल्या मासिकाचे अंक कुणाच्या तरी माळ्यावर, ग्रंथालयात, अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात उरतात. संपादकाला किल्ली मागावी लागत नाही. शिवाय १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते, पुढे त्यात वर्तमानपत्रं आणि नियतकालिकंही आली. कितीजण पाळतात हा वेगळा विषय, पण नियम तरी आहे. ब्रिटनने २०१३ मध्ये ही सक्ती वेबवरच्या मजकुरालाही लावली आणि तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय देशातल्या साइट्सच्या प्रती घेऊ लागलं. आपल्याकडे गुरुजींचा लेख कुठल्याच कायद्याच्या लेखी छापलेला नाही.

लेख मात्र कायद्याने गुरुजींचाच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर पहिला मालक लेखक. साइटच्या अटी मी दोनदा वाचल्या, हक्क लेखकाकडेच असल्याचं तिथे ठळक लिहिलं आहे. म्हणजे भात आपलं आणि कणगीची किल्ली दुसऱ्याकडे.

मग मी जे करू शकत होतो ते केलं. इंटरनेट आर्काइव्हवर आमच्या साइटची बरीचशी मुखपृष्ठंच होती, आतले लेख फार थोडे. म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर दहा सेकंदांना एक पान उतरवायचं, त्याहून जलद नाही, कारण त्या सर्व्हरला जास्त धावायला लावलं तर तो बसेल आणि पुन्हा उठवायला कुणी नाही. २,३१४ पानं. हिशेबाने साडेसहा तासांचं काम, लागल्या तीन रात्री. मध्येच कांबरेश्वर बुडायचा.

पानं हातात आल्यावर कळलं की हे सोपं काम होतं. अवघड काम माणसं शोधण्याचं. टोपणनावाने लिहिणारे, नंबर बदललेले, लग्नानंतर आडनाव बदललेल्या. दुसऱ्याचं लेखन त्याला न विचारता कुठेही टाकायचं नाही असं मी ठरवलं होतं, त्यामुळे एकेकाला फोन. आतापर्यंत ६३ जणांना त्यांचे लेख फाइल करून पाठवले. काहींना आपण असं काही लिहिलं होतं हेच आठवत नव्हतं. एका गृहस्थांनी तिखटपणे विचारलं, तुम्ही माझ्या लेखाला हात लावलातच कसा. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. एका पत्त्यावर मुलीने फोन उचलला, वडील जाऊन वर्ष झालं होतं. ते लिहीत होते हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तिला मी अकरा लेखांची फाइल पाठवली. आठवड्याने तिचा मेसेज आला की चौथ्या लेखातली मुलगी ती स्वतः आहे.

एक गोष्ट प्रोग्रॅमला जमली नाही. जे पान सगळ्यांना दिसतं तेच उतरवता येतं, मसुदे दिसत नाहीत. ‘चिखलणी झाल्यावर बैलांना’च्या पुढचा भाग तर मसुद्यातही नाही, तो कुठेच साठला नव्हता. हे गुरुजींना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून नसरापूरला त्यांच्या बाजारच्या दिवशी गेलो. ४१ लेख छापून, स्पायरल बांधून नेले होते. चहाच्या टपरीवर त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. मी खण, बाइट, तीनाचा हिशेब सगळं सांगितलं. त्यांनी शाळेतल्यासारखं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे काना-मात्रा न देता लिहिलं असतं तर मावलं असतं की रे.”

साइट परवा पाहिली तेव्हा वर होती. २०२५ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी राजगड झालं, तिथल्या लेखांच्या यादीत विभाग मात्र अजून ‘वेल्हें’च आहे, वर तो अनुस्वारही चुकून पडलेला. २०१९ चा दिवाळी अंक साहित्याची वाट पाहतो आहे.

गुरुजींनी दुसरा भाग पुन्हा लिहायला घेतला, या वेळी दोनशे पानी वहीत, शाईच्या पेनाने. गेल्या महिन्यात ती वही मला दिली, टाइप करायला. “नीट ठेव,” म्हणाले, “मी झेरॉक्स काढून ठेवलीय, तरी.” चिखलणीनंतरचे बैल पहिल्याच पानावर धुऊन निघाले आहेत. कापणी आहे, झोडणी आहे, उडवी रचायची रीत चित्र काढून दाखवली आहे. चार ठिकाणी मात्र अर्थ लिहिलेला आणि शब्दाच्या जागी रेघ. त्यातली एक जागा अशी: झोडून झाल्यावरही पेंढ्यात अडकून राहिलेले दाणे, जे घरातल्या म्हाताऱ्या सवडीने निवडून काढत, त्यांना म्हणत... पहिल्या वेळी हा शब्द लिहिला होता, असं गुरुजी म्हणतात. आता आठवत नाही. समासात पेन्सिलीने लिहिलं आहे, ‘वहिनींना विचारणे.’ वहिनी त्र्याऐंशीच्या आहेत आणि सध्या लेकीकडे गेल्या आहेत, आवणी उरकल्यावर येतील.